फिटची गोळी आणि केमोची गोळी

दादाची केमो २० नोव्हेंबर २०२३ ला संपली. त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता, आणि फिट्सचा त्रास चौदाव्या वर्षापासून. या दोन आजारांवर वेगवेगळं मराठीत वाचायला बरंच मिळालं. दोन्ही एकाच माणसाला असले तर एकाची गोळी दुसऱ्याच्या गोळीचं काय करते, यावर घरच्या माणसाला कळेल असं काही हाती लागलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, सांगलीत एका शाळेत गणित शिकवते. इथलं औषधांबद्दलचं सगळं दादाच्या दोन डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि पुन्हापुन्हा विचारून समजून घेतलेलं आहे. तुमच्या माणसाच्या गोळ्यांचा निर्णय मात्र त्याच्या डॉक्टरांचाच.

दादा इचलकरंजीत एका सूतव्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. वय ४७. लहानपणी त्याला आकडी आली की कुणी कांदा हुंगवायचं, कुणी चप्पल. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी फेनिटॉइन सुरू केलं आणि हळूहळू फिट्स आटोक्यात आल्या. २००४ नंतर एकही नाही. रात्री जेवल्यावर १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, हा घराचा नियम. वहिनी माहेरी गेली तरी रात्री फोनवर पहिला प्रश्न तोच: "गोळ्या घेतल्या का?" या तीन गोळ्यांवर आमचा सगळ्यांचा किती भरवसा होता, हे त्या बदलायची वेळ आल्यावर कळलं.

मे महिन्यात त्याला दम लागायला लागला. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. लोहाच्या गोळ्या घेऊनही फरक पडेना, तेव्हा शौचाची तपासणी झाली, मग मिरजेत दुर्बिणीतून आतडं बघितलं. उजव्या बाजूला गाठ होती. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन करायचं ठरलं. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे कागद द्यायचे आणि मंजुरीची वाट बघायची. आमच्या रेशनकार्डावर आणि आधारवर दादाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, त्यात थोडे दिवस गेले. कुणाच्या घरी असं असेल तर निदान व्हायची वाट न बघता आधीच दुरुस्त करून ठेवा.

४ जुलैला ऑपरेशन झालं. उपाशी ठेवलं तरी फिटचं औषध चुकता कामा नये, म्हणून भूलतज्ज्ञांनी ते दिवस शिरेतून इंजेक्शन दिलं. वेदनाशामक देताना ट्रामाडॉल टाळलं, कारण त्याने फिट यायची शक्यता वाढते. हे त्यांनी आपणहून केलं. तरी भरती करताना प्रत्येक नव्या माणसाला "यांना फिट्सचा त्रास आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगायची सवय वहिनीने तेव्हा लावून घेतली, आणि ती शेवटपर्यंत उपयोगी पडली.

बायॉप्सीचा पूर्ण रिपोर्ट पंधरवड्याच्या आत आला. गाठ आतड्याच्या भिंतीपलीकडे गेलेली, दोन लसिकाग्रंथींत पेशी सापडलेल्या. तिसरा टप्पा. २० जुलैला केमोच्या डॉक्टरांना भेटलो. बाई शांत, बोलणं स्पष्ट. तीन आठवड्यांचं एक चक्र: पहिल्या दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन, मग चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी. दादाच्या टप्प्याला अशी चार चक्रं पुरतील, म्हणजे तीन महिने. ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरुवात व्हायला हवी, त्याहून उशीर झाला तर फायदा कमी होत जातो.

मग त्यांनी विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" वहिनीने पिशवीतून फेनिटॉइनची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर लिहायच्या थांबल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. कॅपेसिटाबिनचं शरीरात ५-एफयू होतं, म्हणजे केमोचं मूळ औषध. यकृतात सीवायपी२सी९ नावाचं एक एन्झाइम असतं, ते फेनिटॉइन मोडून बाहेर काढतं. कॅपेसिटाबिन चालू असलं की हे एन्झाइम मंदावतं. मोरीच्या तोंडाला केस अडकले की नळ तेवढाच चालू असूनही पाणी तुंबतं, तसं फेनिटॉइन रक्तात साठत जातं. रोजच्या त्याच तीन गोळ्या, पण अंगात भिनतात जास्त. हे दोनचार दिवसांत दिसेलच असं नाही, काही आठवड्यांनीही दिसू शकतं. चालताना झोक जातो, एकाची दोन दिसतात, बुबुळं थरथरतात, जीभ जड होते, माणूस गुंगीत राहतो. घरच्यांना वाटतं की केमोचा अशक्तपणा आहे. कॅपेसिटाबिनच्या माहितीपत्रकातच हा इशारा छापलेला असतो. मी घरी येऊन तो पातळ कागद उलगडून वाचला, खरंच होता.

फेनिटॉइनचा आणखी एक स्वभाव त्यांनी सांगितला. रक्तातलं प्रमाण एका मर्यादेपर्यंत सरळ वाढतं, नंतर एन्झाइमची क्षमता संपते आणि डोस थोडासा वाढला तरी प्रमाण एकदम वर जातं. गणिताच्या बाईला हे चटकन कळलं. आलेख सरळ रेषेत जात नाही, एका ठिकाणी वळून उभा चढतो.

मी विचारलं, मग केमोचं दुसरं औषध घेता येणार नाही का? सलाईनमधून ५-एफयू दिलं तरी अडचण तीच, कारण मूळ औषध तेच. उरले दोन मार्ग. फेनिटॉइन चालू ठेवायचं आणि दर आठवड्याला रक्तातली लेव्हल बघून डोस बदलत राहायचा. किंवा केमोच्या आधी फिटचं औषधच बदलायचं. "हे मी एकटी ठरवणार नाही," असं म्हणून त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांना पत्र लिहून दिलं. त्यात केमोची औषधं, डोस, सुरू करायची शेवटची तारीख आणि स्वतःचा नंबर. हे पत्र मागून घ्या असं मी प्रत्येकाला सांगेन. तोंडी निरोप नेताना आपण औषधांची नावंही नीट उच्चारू शकत नाही.

कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ २७ जुलैची मिळाली. तोवर त्यांच्या सांगण्यावरून लेव्हलची रक्ततपासणी करून घेतली. आठशे रुपये लागले, नमुना बाहेरगावी जातो म्हणून रिपोर्टला तीन दिवस. रक्त गोळ्या घ्यायच्या आधी द्यायचं असतं आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहून द्यायचं असतं. रिपोर्ट आला ९.१. खाली छापलेलं: १० ते २०. शेजारी कमी असल्याची खूण. इचलकरंजीत ओळखीच्या एकांनी बघून सांगितलं, कमी आहे, अर्धी गोळी वाढवा. आम्ही तज्ज्ञांना भेटेपर्यंत काहीच बदललं नाही.

तज्ज्ञांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "अल्ब्युमिन किती आहे?" फाइलमध्ये होतं, २.८. त्यांनी कागदावर आकडेमोड करून दाखवली. फेनिटॉइनचा मोठा भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो, काम करतो तो सुटा भाग. ऑपरेशननंतर, आजारपणात अल्ब्युमिन उतरतं, मग एकूण आकडा कमी दिसतो पण सुटा भाग पुरेसा असतो. त्यासाठी एक सूत्र आहे: अल्ब्युमिनला ०.२ ने गुणायचं, ०.१ मिळवायचे, आणि आलेल्या संख्येने लेव्हलला भागायचं. दादाचं उत्तर आलं १३.८ च्या आसपास. म्हणजे डोस अगदी व्यवस्थित होता. तेव्हा गोळी वाढवली असती आणि वर केमो सुरू झाली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

त्यांचं मत औषध बदलायचं पडलं. दर आठवड्याला लेव्हल बघणं कागदावर सोपं आहे, पण रिपोर्ट तीन दिवसांनी येतो, अल्ब्युमिन खालीवर होत राहतं, आणि कॅपेसिटाबिन चौदा दिवस चालू, सात दिवस बंद असल्यामुळे फेनिटॉइनही वर जाणार, खाली येणार. त्याऐवजी लेव्हेटिरासेटाम. ते यकृताच्या या एन्झाइमांच्या वाटेला फारसं जात नाही, बरंचसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे बहुतेक केमोच्या औषधांशी त्याचं भांडण नाही.

दादा तोवर गप्प होता. मग म्हणाला, "डॉक्टर, एकोणीस वर्षं मला फिट नाही. ही गोळी सोडायची आणि फिट आली तर?" डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. बदलताना धोका असतोच, तो कमी करण्यासाठी दोन्ही औषधं काही दिवस सोबत चालवायची. त्यांनी आमच्यासमोरच मिरजेच्या केमोच्या डॉक्टरांना फोन लावला. तज्ज्ञांना फेनिटॉइन उतरवायला जास्त वेळ हवा होता, केमोच्या डॉक्टर आठ आठवड्यांच्या पुढे जायला तयार नव्हत्या. बोलून २८ ऑगस्ट ठरली. दोन डॉक्टर एकमेकांशी थेट बोलले ती पाचेक मिनिटं मला या सगळ्या उपचारातली सर्वांत मोलाची वाटतात.

वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं. २८ जुलैपासून लेव्हेटिरासेटाम ५०० दोनदा, आठवड्याने ७५० दोनदा. ५ ऑगस्टपासून फेनिटॉइनच्या दोन गोळ्या, १५ ऑगस्टपासून एक, २५ ऑगस्टच्या रात्री शेवटची. खर्चही बदलला. फेनिटॉइनला महिन्याला दोनशेच्या आत भागायचं, नव्या गोळ्यांना बाराशेच्या आसपास, आणि लेव्हलची तपासणी किंवा या गोळ्या योजनेतून मिळाल्या नाहीत. जनऔषधी केंद्रात त्या बऱ्याच स्वस्त मिळतात, पण डॉक्टरांनी सांगितलं की मधेच कंपनी बदलू नका, जी घ्याल ती तीच ठेवा.

फिट आली नाही, पण दादाचा स्वभाव बदलला. आमचा दादा आवाज न चढवणारा माणूस. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो ताट सरकवून उठला, पुतण्यावर टीव्हीच्या आवाजावरून इतका ओरडला की पोरगं रडत शेजारी गेलं. वहिनी मला फोनवर म्हणाली, "कॅन्सरचं मनाला लागलंय त्यांच्या." लागलं असणारच. पण तज्ज्ञांनी आधीच बजावून ठेवलं होतं की या औषधाने काहींना चिडचिड, उदासी येते, तसं दिसलं तर लगेच कळवा. कळवलं. त्यांनी दादाला एकट्याला विचारलं, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येतात का. नाही म्हणाला. पुढे डोस हजारापर्यंत न्यायचा होता, तो त्यांनी ७५० वरच थांबवला. गौरी-गणपतीच्या सुमारास चिडचिड पुष्कळ कमी झाली. ही गोळी घेणाऱ्याच्या घरच्यांनी हे मनावर घ्या: माणूस बिघडला असं समजू नका, डॉक्टरांना सांगा.

२८ ऑगस्टला पहिलं सलाईन. मिरजेच्या डे-केअरमध्ये सकाळी नऊला नाव लावायचं, रक्त तपासायचं, रिपोर्ट बरा आला तर दुपारी औषध चढायचं, संध्याकाळी परत. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर गार काही चालत नाही. गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो, स्टीलचा गार पेला धरला की बोटांना झिणझिण्या येतात. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे थर्मासमध्ये कोमट पाणी आणि हातात सुती मोजे. कॅपेसिटाबिन सकाळी तीन, रात्री तीन, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत.

फिट्स असलेल्या माणसासाठी केमोत आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात, त्या डे-केअरच्या सिस्टरांनी सांगितल्या. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, त्याने झोप उडते, आणि जागरणाने फिट येऊ शकते, म्हणून ती गोळी सकाळी घ्यायची. फिटची गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर काय करायचं, हे आधी विचारून लिहून ठेवायचं. ताप आला आणि अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर फिट्सचं सांगायचं, कारण सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही औषधांनी फिट यायची शक्यता वाढते. आणि डॉक्टरांना न विचारता कुठलाही काढा नाही. गुळवेलीचा काढा घेऊन आलेल्या मावशींना वहिनीने चहा पाजला आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर जतजवळची एक मुलगी यायची. तिला स्तनाचा कर्करोग, आणि फिट्ससाठी कार्बामॅझेपिन. तिची अडचण आमच्या उलट दिशेची होती. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही जुनी औषधं यकृतातली काही एन्झाइमं वाढवतात, मग पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, इरिनोटेकान, इमॅटिनिब अशी औषधं शरीरातून लवकर निघून जातात. केमो पूर्ण दिली तरी पोचते कमी. तिचंही औषध बदलत होते. मेंदूविकारतज्ज्ञांना मी पुढच्या भेटीत याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा उल्लेख केला: रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांपैकी ज्यांना ही जुनी फिटची औषधं दीर्घकाळ चालू होती, त्यांच्यात उपचारांचा परिणाम कमी दिसला. व्हॅल्प्रोएटचं वेगळंच. ते प्लेटलेट कमी करू शकतं, आणि केमोही तेच करते. आणि मेरोपेनेमच्या जातीचं अँटिबायोटिक दिलं तर व्हॅल्प्रोएटची लेव्हल झपाट्याने पडते. म्हणजे "फिटची गोळी" एवढं सांगून भागत नाही, नाव सांगावं लागतं.

दुसरं चक्र १८ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी. ठीक गेलं. तिसरं ९ ऑक्टोबरला, आणि ते जड गेलं. आठव्या दिवसापासून जुलाब सुरू झाले. रात्रीही उठावं लागायला लागलं तेव्हा वहिनीने डे-केअरच्या नंबरवर फोन केला, त्यांनी कॅपेसिटाबिन लगेच बंद करायला आणि सकाळी घेऊन यायला सांगितलं. सकाळ व्हायच्या आत, १९ तारखेच्या पहाटे, दादाला फिट आली. एकोणीस वर्षांनी.

मी तिथे नव्हते. वहिनीने सांगितलं ते असं. कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, घड्याळ बघितलं, दोनेक मिनिटांत थांबली. शेजाऱ्यांच्या गाडीतून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे दुसरी आली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मिडाझोलाम दिलं, ती थांबली, आणि पुढची फिट येऊ नये म्हणून त्यांनी सिस्टरना फेनिटॉइनचं इंजेक्शन काढायला सांगितलं. यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, तातडीच्या वेळी हे औषध सर्रास देतात. वहिनीने पिशवीतून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. पहिल्या केमोच्या वेळी मिरजेच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेला: रुग्णाला अपस्मार, कॅपेसिटाबिन चालू आहे, फेनिटॉइन टाळावे, फिट आल्यास लेव्हेटिरासेटाम शिरेतून द्यावे, कृपया या नंबरवर फोन करावा. त्या तरुण डॉक्टरांनी तो वाचला, फोन लावला, आणि लेव्हेटिरासेटामचं इंजेक्शन मागवलं. बारावी शिकलेली माझी वहिनी, पहाटे, नवरा बेशुद्ध, अशा वेळी तिने तो कागद शोधून काढला.

तपासणीत सोडियम १२२ निघालं. जुलाबांनी ते उतरलं होतं आणि फिटचं कारण बहुधा तेच. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिनही १.६ वर गेलं होतं, आणि लेव्हेटिरासेटाम मूत्रपिंडातून जातं म्हणून त्याचा डोस काही दिवस जपून दिला. सोडियम घाईने भरत नाहीत, सावकाश वर आणतात, त्यामुळे दसरा रुग्णालयातच झाला.

चौथं चक्र ३० ऑक्टोबरचं होतं, ते ६ नोव्हेंबरवर गेलं. दादाला नको होतं. "तीन झाली ना, बास," म्हणाला. डॉक्टरांनी आग्रह केला नाही, फायदा-तोटा समोर मांडला, कॅपेसिटाबिन सकाळी दोन आणि रात्री तीन असं कमी केलं, आणि जुलाब सुरू झाले तर पहिल्याच दिवशी यायचं असं ठरवून घेतलं. दोन दिवस विचार करून तो तयार झाला. मधे दोनदा सोडियम आणि क्रिएटिनिन तपासलं. लक्ष्मीपूजनाला तो गोळ्यांवरच होता, फराळ बेताचा, पण बसला सगळ्यांबरोबर.

आता तो घरी आहे. पायांच्या बोटांना बधिरपणा आहे, तो उतरायला काही महिने लागतील असं सांगितलंय. दर तीन महिन्यांनी सीईए ही कर्करोग उलटतोय का ते बघायची रक्ततपासणी, आणि ऑपरेशनला वर्ष झाल्यावर दुर्बिणीची तपासणी. फिट पुन्हा आलेली नाही. दुचाकी वहिनीने किल्लीसकट भावाकडे पाठवून दिली आहे, दादा कामावर रिक्षाने जातो.

मागच्या आठवड्यात कोल्हापूरला गेलो तेव्हा दादाने विचारलं, केमो संपली, जुनी गोळी परत सुरू करायची का? डॉक्टर नको म्हणाले. आजार उलटला तर इरिनोटेकान लागू शकतं, आणि फेनिटॉइन चालू असेल तर ते कमी पोचेल. शिवाय इतक्या वर्षांच्या फेनिटॉइनने हाडांवर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली. लेव्हेटिरासेटाम ७५० दोनदा चालू राहील, पुढची भेट फेब्रुवारीत. त्या कागदाची नवी प्रत दोन्ही डॉक्टरांकडून सहीशिक्क्यासह घेतली आहे. एक दादाच्या पाकिटात, एक वहिनीच्या पर्समध्ये, आणि एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये.